सूर्यास्ताचा फोटो काढताना आधी खाली बघा

डोळ्यांना भलामोठा दिसणारा मावळता सूर्य फोटोत टिकलीएवढा का होतो? आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. २४ मिमी लेन्स लावली, तर सेन्सरवर त्याची प्रतिमा पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्याशा ठिपक्यावर अख्खी चौकट पेलत नाही, म्हणून फोटो आधी जमिनीवर शोधायचा.

त्यासाठी तासभर आधी पोहोचा. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरा. सूर्य बुडायला एका बोटामागे साधारण पंधरा मिनिटं, असा ढोबळ हिशोब.

आता पुढ्यात काय आहे ते बघा. ओला खडक, वाळलेलं गवत, साधं डबकंही चालेल. उभ्याने बघितलं तर डबक्यात फक्त गढूळ पाणी दिसतं. गुडघ्यावर बसून कॅमेरा पाण्यापासून वीतभर उंचीवर आणा, त्याच पाण्यात नारिंगी आकाश उतरलेलं दिसेल. मग क्षितिज ठरवा. ढग देखणे असतील तर क्षितिज चौकटीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात, आकाश कोरं असेल तर वरच्या. प्रतिबिंब अगदी स्वच्छ असेल तेव्हा मधोमधही शोभतं, नियमाचा फार बाऊ करू नका. झाड आणि माणूस काळ्या आकृतीत येणार असतील, तर दोघांमध्ये थोडं आकाश दिसू द्या. नाहीतर झाडालाच पाय फुटल्यासारखं दिसतं.

बहुतेक फोटो फसतात ते फोकसमध्ये. कॅमेरा ऑटोफोकसवर सोडला की तो सपाट आकाशात चाचपडत राहतो किंवा थेट क्षितिज धरतो, आणि पुढचा खडक धूसर येतो. ट्रायपॉड लावा, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) एफ/११ ठेवा. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २४ मिमीला सुमारे १.८ मीटरवर फोकस केला, तर साधारण ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. म्हणजे दोन पावलांवरचा दगड निवडायचा, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, तो मोठा करून फोकस साधायचा आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाकायचा. छिद्र आणखी लहान करत एफ/२२ पर्यंत जायचा मोह टाळा. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो (विवर्तन), त्याने सगळंच किंचित मऊ पडतं. फोकस झाल्यावर झूमला हात लावलात तर पुन्हा तपासा. माझी एक अख्खी संध्याकाळ अशीच वाया गेली, आणि कळलं घरी गेल्यावर.

सूर्य वर असेपर्यंत ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला (लेन्समधून थेट बघायच्या खिडकीला) डोळा लावू नका, टेलिफोटोवर, म्हणजे दूरचं मोठं दाखवणाऱ्या लेन्सवर, तर मुळीच नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

एक्स्पोजर (फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते) सूर्याच्या बाजूच्या आकाशावरून मोजा, सूर्य चौकटीबाहेर ठेवून. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर तो लाली धुऊन टाकतो, म्हणून डेलाइट बरा. रॉमध्ये (सेन्सरची कच्ची फाइल) काढा, बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावा.

सूर्य बुडाला की लोक बॅगा आवरतात. तुम्ही अजून वीस मिनिटं थांबा. उंचावरच्या ढगांना तेव्हाही खालून ऊन लागत असतं. ऑटोफोकस या अंधारात गडबडतो, पण तुमचा फोकस मघाशीच लागलेला आहे. फक्त शटर उघडं राहण्याचा वेळ लांबवत जा आणि ट्रायपॉडला धक्का लागू देऊ नका.