पीटी१०० ने तापमान अचूक मोजायचंय? आधी वायर बघा, कोड नंतर

सामान साधंच: चार वायरवाला पीटी१०० (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर), मॅक्स३१८६५ चा बोर्ड (यावरची चिप तो रेझिस्टन्स मोजते), आणि कोड चालवायला आर्डुइनो किंवा ईएसपी३२. एसपीआयच्या (दोन बोर्डांमध्ये डेटा नेणाऱ्या) पिना जोडा, लायब्ररी टाका, झालं.

खरी गोची वायरमध्ये आहे, मलाही सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला. पीटी१०० म्हणजे ० अंशाला १०० ओहम, आणि एका अंशाला फरक पडतो फक्त ०.३८५ ओहमचा. आता १० मीटर लांब २४ गेजची तांब्याची वायर घ्या, जाऊन-येऊन २० मीटर, म्हणजे साधारण १.७ ओहम, म्हणजे दोन वायरवर जोडलं की रीडिंग थेट ४.४ अंश जास्त. यावर नेटवर सर्रास सांगतात की कोडमध्ये तेवढं वजा करा. अजिबात करू नका! तांब्याचा रेझिस्टन्ससुद्धा तापमानाने बदलतो, वायर पत्र्याच्या शेडवरून गेली असेल आणि दुपारी २० अंशाने तापली तर तुमचं ते 'वजा केलेलं' एक तृतीयांश अंशाने परत चुकतं, आणि सेन्सर मात्र जागच्या जागी थंड असतो.

तीन वायरने बरंच निभावतं, पण तिन्ही वायर सारख्या आहेत असं ती चिप गृहीत धरते. एक स्क्रू ढिला किंवा गंजलेला असला, ०.२ ओहम वाढला, की अर्धा अंश गेला. म्हणून माझं ठाम मत, चारच वायर. दोन वायरमधून करंट जातो, उरलेल्या दोन फक्त व्होल्टेज बघतात, त्यांच्यातून करंट जवळजवळ नसतोच त्यामुळे त्यांच्या लांबीने काही फरक पडत नाही. मात्र चारही वायर सेन्सरपर्यंत न्यायच्या. मध्येच दोन कोअरची केबल जोडून वाढवलीत तर चार वायरचे पैसे वाया. जोडण्याआधी मल्टीमीटर लावा: ज्या दोघींमध्ये जवळपास शून्य ओहम येतो ती एक जोडी, जोडी-जोडीमध्ये खोलीत ११० च्या आसपास. एक जोडी बोर्डावर लिहिलेल्या एफ+ आणि आरटीडी+ ला, दुसरी एफ- आणि आरटीडी- ला. बोर्डावरचे सोल्डर जंपर चार वायरसाठी आहेत ना, तेही बघा.

कोडमध्ये ५० हर्ट्झचा फिल्टर (लाइटच्या वायरिंगमधून येणारा गोंगाट गाळणारा) चालू करा, प्रचलित लायब्ररीत तो ६० वर असतो आणि आपली लाइट ५० ची आहे.

चिप ज्याच्याशी तुलना करून मोजते तो बोर्डावरचा रेफरन्स रेझिस्टर (४३० ओहम) ०.१ टक्क्याचा असला तरी ० अंशाला पाव अंश इकडेतिकडे होऊ शकतो, त्यामुळे बर्फाची टेस्ट कराच. थर्मासमध्ये बारीक कुटलेला बर्फ ठासून भरा, पाणी फक्त फटी भरण्यापुरतं, शक्यतो डिस्टिल्ड. पाण्यात दोन-चार खडे तरंगत असतील तर ते ० अंश नाही, तळाशी ४ सुद्धा असू शकतं. सेन्सर मधोमध, दहा मिनिटं, अधूनमधून ढवळा. जो रेझिस्टन्स स्थिर येईल तोच रेझिस्टन्सवरून तापमान काढायच्या फॉर्म्युल्यात १०० च्या जागी टाका. उकळत्या पाण्याला १०० धरून कॅलिब्रेट करू नका, पुण्याच्या उंचीवर ते ९८ च्या आसपासच उकळतं.