रॅडटेस्ट पास, पण फोन जोडत नाही: रेडियस शिकणाऱ्यांसाठी

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडं नेटवर्किंगची पहिली नोकरी बहुतेक इंटरनेट देणाऱ्या छोट्या कंपनीत नाहीतर कॉलेजच्या लॅबमध्ये लागते. दोन्हीकडं कधी ना कधी रेडियस सर्व्हर, म्हणजे राउटर किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट ज्याला ‘याला आत घेऊ का?’ असं विचारतो तो, तुमच्या अंगावर येतो. आयपी, सबनेट, लिनक्सची कमांड लाइन येते असं धरून लिहितोय, आणि उदाहरणं फ्रीरेडियस या मोफत रेडियस सर्व्हरची आहेत.

कुठल्याही फाइलला हात लावण्याआधी सर्व्हिस थांबवा आणि सर्व्हर डीबग मोडमध्ये, म्हणजे कॅपिटल एक्सचा पर्याय देऊन चालवा. समोर जे सरकत जातं ते पहिल्या ओळीपासून वाचा. शेवटची लाल ओळ तेवढी बघून निदान होत नाही.

उत्तरच न येणं आणि नकार येणं, यांचं निदान वेगळं आहे. नकार आला म्हणजे विनंती पोचली. मग युजर, पासवर्ड, पॉलिसी बघा. राउटर नुसताच वाट बघत बसला तर फायरवॉलमध्ये यूडीपी 1812 आणि 1813 उघडे आहेत का, शेअर्ड सीक्रेट (राउटर आणि सर्व्हर दोघांकडं ठेवलेला गुप्त शब्द) जुळतंय का, आणि डीबगमध्ये ‘अननोन क्लायंट’ (क्लायंट म्हणजे इथं विचारणारा राउटर) दिसतंय का ते बघा. दोन लिंक असलेला राउटर लिंक बदलली की दुसऱ्याच पत्त्यावरून विचारतो, आणि क्लायंटच्या यादीत नसलेल्याला सर्व्हर उत्तर देत नाही. राउटरमध्ये सोर्स अ‍ॅड्रेस पक्का बांधून टाका.

आता मला सगळ्यात जास्त अडवलेली जागा. एका हॉस्टेलचं वायफाय होतं. विद्यार्थ्यांचे पासवर्ड जुन्या डेटाबेसमधून आले होते, सॉल्ट (प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळलेला वेगळा मजकूर) घातलेल्या हॅशच्या (पासवर्डवरून काढलेल्या, उलटं न फिरवता येणाऱ्या ठशाच्या) रूपात. रॅडटेस्ट, म्हणजे फ्रीरेडियससोबत येणारी चाचणीची कमांड, चालवली की स्वीकार. तोच युजर, तोच पासवर्ड फोनवर टाकला की नकार. सर्टिफिकेट, अ‍ॅक्सेस पॉइंट, फोनचं मॉडेल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

कारण असं. रॅडटेस्ट काही सांगितलं नाही तर पॅप ही साधी पासवर्ड-पद्धत वापरते. पॅपमध्ये पासवर्ड सर्व्हरपर्यंत येतो; सर्व्हर त्याचा हॅश काढतो आणि साठवलेल्या हॅशशी ताडून बघतो. फोन मात्र बहुधा पीईएपी या एन्क्रिप्टेड बोगद्याच्या आत एमएस-चॅप व्ही2 ही पद्धत वापरतो. त्यात पासवर्ड येतच नाही. सर्व्हरनं दिलेल्या चॅलेंजवर पासवर्डच्या एनटी हॅशवरून (विंडोजच्या पद्धतीच्या हॅशवरून) काढलेलं उत्तर तेवढं येतं. ते तपासायला सर्व्हरकडं मूळ पासवर्ड किंवा एनटी हॅश लागतोच. तुमच्याकडं आहे दुसऱ्याच जातीचा हॅश, आणि पिठातून जोंधळे परत मिळत नाहीत. डीबगमध्ये एनटी पासवर्ड नसल्याची ओळ येते; ती दिसली की कॉन्फिग बदलत बसू नका, कुठल्याही सेटिंगनं हे सुटत नाही.

सुटका तीन वाटांनी होते. सगळ्यांना नवा पासवर्ड घ्यायला लावून एनटी हॅश साठवा. पण त्यात सॉल्ट नसतो, म्हणून तो डेटाबेस फार जपावा लागतो. नाहीतर टीटीएलएस या तशाच दुसऱ्या बोगद्याच्या आत पॅप चालवा, जुना हॅश तसाच चालतो. नाहीतर प्रत्येकाला सर्टिफिकेट देऊन, पासवर्डऐवजी त्यावरच चालणारं ईएपी-टीएलएस करा. काहीही निवडा, पण चाचणी फोन वापरतो त्याच पद्धतीनं घ्या. रॅडटेस्टला एमएस-चॅपचा पर्याय देता येतो, आणि पूर्ण ईएपीसाठी (पीईएपी, टीटीएलएस ज्या चौकटीत बसतात तिच्यासाठी) ईएपीओएल-टेस्ट ही कमांड आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तयार कॉन्फिगमध्ये ‘ऑथ-टाइप अ‍ॅक्सेप्ट’ असतं. ते टाकू नका! त्यानं तक्रार थांबते, कारण पासवर्ड तपासणंच थांबतं. फोनवर सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासू नका असं सांगणंही तितकंच वाईट. त्याच नावाचं खोटं वायफाय उभं करणाऱ्याच्या हाती पोरांचे पासवर्ड लागतात. फ्रीरेडियससोबत येणारी नमुना सर्टिफिकेटंही कामावर वापरू नका. त्यांची मुदत 60 दिवसांची असते, आणि ती संपली की सगळे एकदम बाहेर पडतात.

शिकवणारा निवडताना, तुमचा कीबोर्ड ओढून घेणाऱ्यापेक्षा ‘वरची ओळ वाच’ म्हणणारा बरा, असं माझं ठाम मत आहे. महागड्या क्लाससाठी पुणं गाठायची गरज नाही. एक जुना डेस्कटॉप, त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन आणि एक अ‍ॅक्सेस पॉइंट एवढ्यावर हे सगळं घरी जमतं. खानापूरकडच्या मराठी शाळेतून आलेल्यांनी इंग्रजी लॉगची धास्ती घेऊ नये. त्यात तेच ते शब्द पुन्हा पुन्हा येतात, थोड्या दिवसांत डोळ्यांना सरावतात.

पीपीपीओई (युजर-पासवर्ड टाकून जोडलं जाणारं ब्रॉडबँड) कनेक्शनवर काम असेल तर आणखी एक. जुलै 2024 मध्ये ब्लास्ट-रेडियस नावाचा, सर्व्हरच्या उत्तरात वाटेतच फेरफार करू देणारा दोष जाहीर झाला. ईएपीमध्ये मेसेज-ऑथेंटिकेटर (निरोपात फेरफार झाला नाही हे पटवणारा शिक्का) आधीपासून सक्तीचा आहे, पॅपमध्ये नव्हता. सर्व्हर आणि राउटर दोन्ही अपडेट करा, राउटर तो पाठवतोय हे डीबगमध्ये बघा, आणि मगच सर्व्हरवर सक्ती लावा. उलट क्रमानं केलंत तर जुन्या राउटरवरची सगळी गिऱ्हाइकं बंद पडतील.