सिस्टिक फायब्रोसिसमधलं दुखणं: मोठ्यांनी ते कसं ओळखावं, कसं आवरावं

सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात फुप्फुसांत आणि पचनमार्गात घट्ट, चिकट स्राव साठतो. त्याच्या तपासणीत एफईव्ही-१ (जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा) मोजतात, कफ तपासायला पाठवतात, वजन बघतात. दुखतंय का, हे विचारायचं बऱ्याचदा राहून जातं आणि पेशंटही ‘हे असायचंच’ म्हणून गप्प बसतो. गप्प बसू नका. छाती दुखते म्हणून नीट खोकलं जात नाही, कफ आत साठतो, इन्फेक्शन बळावतं, खोकला वाढतो आणि छाती आणखी दुखते. हे चक्र गोळीपेक्षा आधी नोंदीने तुटायला लागतं.

पुढच्या भेटीआधी दोन आठवडे वहीत रोज चार गोष्टी लिहा: कुठे दुखलं, कधी, ० ते १० मध्ये किती, आणि त्यापायी काय राहून गेलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. नुसत्या ‘पाठ ६’ वरून डॉक्टरांना फारसं काही कळत नाही. ‘पाठ ६, संध्याकाळी नेब्युलायझर घेतलं पण कफ काढला नाही’ असं लिहिलं असेल तर उपचार कुठे बदलायचे ते लगेच दिसतं. जीवनमान मोजणाऱ्या सीएफक्यू-आर प्रश्नावलीत श्वसन, पचन, उपचारांचं ओझं असे विभाग आहेत, पण दुखण्याचा वेगळा विभाग नाही. तिथले गुण चांगले आले तरी वही दाखवाच.

छाती. बोटाने दाबल्यावर नेमकी तीच जागा दुखत असेल, तर बहुतेक वेळा खोकून ताणलेले बरगड्यांमधले स्नायू कारण असतात. हाडं ठिसूळ झाली असतील तर नुसत्या खोकल्यानेही बरगडीला तडा जातो, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी टाळू नका. एका बाजूला अचानक तीव्र कळ आली आणि दम लागला, तर फुप्फुसाबाहेर हवा साठल्याची शक्यता असते. अशा वेळी वाट न पाहता थेट इमर्जन्सी गाठा, आणि तोवर पीईपी (ज्यात अडथळ्याविरुद्ध श्वास सोडून कफ सुटा करतात) किंवा कफ काढण्याचं कोणतंही उपकरण वापरू नका.

साधं स्नायूंचं दुखणं असेल तर कफ काढणं थांबवायचं नाही, पद्धत बदलायची. डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्या. ताठ बसा, उशी दुमडून दुखऱ्या बाजूवर घट्ट धरा. जोरात खोकण्याऐवजी आरशावर वाफ धरतो तसं तोंड उघडं ठेवून श्वास बाहेर फेका, एक-दोनदाच, मग काही श्वास शांतपणे घ्या. पुन्हा तेच. घाईघाईने सलग फेकत राहिलात तर श्वासनलिका आवळतात आणि कफ जागचा हलत नाही. दुखऱ्या बरगडीवर थापट्या नकोत.

पोट. जेवणानंतर पोट फुगतं, मुरडा येतो, शौच तेलकट होते, अशा वेळी आधी अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूलकडे बघा. कॅप्सूल जेवणाच्या सुरुवातीला घेतली जाते का? जेवण लांबलं तर काही मध्येही घेतल्या जातात का? डोस मनाने वाढवू नका. दिवसाला किलोमागे १०,००० लायपेज (चरबी पचवणारं एन्झाइम) युनिट ही वरची मर्यादा आहे, आणि फार जास्त डोसने मोठं आतडं आकसल्याची उदाहरणं आहेत. उजवीकडे खालच्या बाजूला कळा, तिथे गोळा लागणं, शौच आणि वारा बंद, हिरवट उलटी, अशी लक्षणं आतडं तुंबल्याची असतात. घरी जुलाबाचं औषध घेऊन बघण्यात वेळ घालवू नका.

सांधे आणि डोकं. गुडघा, घोटा, मनगट अचानक सुजून काही दिवसांत उतरणं हा या आजारातला संधिवात असू शकतो. पण सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असताना टाचेमागची शीर (स्नायुबंध) दुखली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा, कारण ती तुटू शकते. सकाळी उठताच डोकं जड असेल तर रात्री रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो का, हे तपासून घ्या. सायनस आणि रक्तातली साखर ही आणखी दोन नेहमीची कारणं.

गोळ्या. पॅरासिटामॉल एका वेळी ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम, दोन डोसांत किमान ४ तास, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर मर्यादा याहून खाली, आणि ती डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायची. गोळीआधी ताप मोजून लिहून ठेवा, नाहीतर गोळीने ताप उतरतो आणि इन्फेक्शन लक्षात यायला उशीर होतो. शिरेतून टोब्रामायसिन किंवा अमिकासिन ही अँटिबायोटिक चालू असताना आयबुप्रोफेन टाळा, मूत्रपिंडांवर दुहेरी मारा होतो. खोकल्यातून रक्त पडत असेल तरीही ते नको. अफूवर्गातल्या औषधांनी आतडं मंदावतं आणि खोकला दबतो. ती लागलीच तर पोट साफ ठेवणारं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. सीएफटीआर मॉड्युलेटर (आजाराच्या मुळाशी असलेल्या बिघडलेल्या प्रथिनाचं काम सुधारणारं औषध) घेत असाल तर नवी कोणतीही गोळी फार्मासिस्टला विचारून.

सतत दुखत असेल तर झोप जाते, मन खचतं, आणि खचलेल्या मनाला तेच दुखणं जास्त जाणवतं. म्हणून वर्षातून एकदा नैराश्य आणि चिंतेची तपासणी मागून घ्या. दिवसभराचे उपचार झेपत नसतील तर तेही तिथे सांगा. कोणता कमी करता येईल, कोणता अजिबात सोडायचा नाही, हे टीमबरोबर बसून ठरतं.