शाईचं पेन पावसाळ्यात कसं जगवायचं: चित्रासाठी पेन घेताना आणि ते सांभाळताना

मे महिन्याच्या सुट्टीत घेतलेलं पेन गणपतीत काढलं तर उमटतच नाही, अशी तक्रार घेऊन दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. उघडून बघितलं की आत तीच गोष्ट दिसते. शाई भरलेली असते आणि मृगापासून टोपण काढलेलंच नसतं. "इथली हवा दमट, शाई कशाला वाळतेय?" असं त्यांना कुणीतरी ठामपणे सांगितलेलं असतं. हा सल्ला साफ चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली पेनं कचऱ्यात गेलेली मी पाहिली आहेत. दमट हवेत कागदावरची रेघ उशिरा वाळते, एवढंच खरं. पेनाच्या टोकातल्या केसाएवढ्या नळीतली शाई मात्र टोपणाच्या फटीतून थोडं थोडं पाणी गमावतच असते. आत काळा थर एकदा धरला की तो साध्या पाण्याने सुटायला दिवस लागतात.

मी रत्नागिरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढून शिकले. आता जुनी घरं, कौलं, बंदरं काढते. खाली लिहिलंय ते सगळं याच हवेत वापरून बघितलेलं आहे.

पहिलं पेन

वापरून टाकून द्यायचं फाइनलायनर, म्हणजे आतच शाई असलेलं बारीक टोकाचं पेन, घ्या. शाई भरायचं पेन पहिल्याच दिवशी नको. वर 'पिगमेंट' आणि 'वॉटरप्रूफ' लिहिलंय का ते बघा, म्हणजे पुढे जलरंग लावलात तरी रेघ पसरणार नाही. आकड्यांनी फसू नका. साकुराच्या पिग्मा मायक्रॉनवर 05 लिहिलं असेल तर ती रेघ 0.45 मिलिमीटरची असते. 03 ची 0.35, 01 ची 0.25 आणि 005 ची 0.20. नवशिक्यांना बारीक टोकाचा मोह होतो आणि 005 घेतलं जातं. शाळेपासून पेन्सिल दाबून गिरवायची सवय असते, तोच हात त्या टोकावर पडतो आणि आठवडाभरात टोक आत जातं. 03 घ्या, तीन महिने तेच वापरा.

कागद

आयव्हरी शीट किंवा चांगला कार्ट्रिज पेपर चालतो. हातकागद दिसायला सुंदर, पण त्याचे तंतू टोकात अडकतात.

जुलैत कागदच ओला असतो. कोपरा धरून हलवा. खडखडला नाही, नुसता लवला, तर त्यावर शाई फुटणार हे नक्की. असा कागद दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून वरून मंद इस्त्री फिरवा, निवू द्या आणि लगेच कामाला घ्या. उरलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद ठेवा.

खालची पेन्सिल हलकी हवी. शिशाचा जाड थर पेनाचं टोक तुंबवतो. खोडरबर शाई पूर्ण वाळल्यावरच. मे महिन्यात मी पाच मिनिटं थांबते, श्रावणात तासभर.

सराव

पहिल्याच दिवशी देऊळ किंवा किल्ला काढायला बसू नका. दारातला जांभ्याचा एक चिरा घ्या. त्याच्या भोकांत सगळं शिकायला मिळतं. उजेड डावीकडून, वरून येत असेल तर भोकाच्या आत डावी-वरची कड काळोखात असते आणि समोरची उजवी-खालची कड उजेडात. बहुतेक जण याच्या नेमकं उलट काढतात आणि मग भोकाच्या जागी फोड आल्यासारखा दिसतो. काळोख भरताना आधी एका दिशेच्या रेघा मारा, वाळू द्या, मग आडव्या रेघा मारा. ओल्या रेघेवरून दुसरी रेघ गेली की त्या जागी डाग पडतो. जुन्या, हाताने काढलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरपे वण असतात, मशीनने कापलेल्यावर सरळ रेषा. तेही काढा.

शाई भरायचं टेक्निकल पेन

हे नकाशे काढायचं, एकाच ठराविक जाडीची रेघ देणारं पेन. कंपनी कुठलीही असो, ऑफिसात आम्ही सगळ्यालाच 'रोट्रिंग' म्हणायचो. अशा पेनांवर रेघेच्या जाडीप्रमाणे रंगीत कडं असतं: 0.25 मिलिमीटरचं पांढरं, 0.35 चं पिवळं, 0.5 चं तपकिरी. प्रत्येक जाडी आधीच्या जाडीच्या साधारण 1.4 पट. म्हणून ए4 वरचं चित्र ए3 वर मोठं केलं की 0.35 ची रेघ बरोबर 0.5 च्या जागी येऊन बसते. सुरुवातीला पिवळं एकच घ्या. 0.18 चं, लाल कड्याचं, पहिल्या वर्षी अजिबात नको. कारण पुढे येतंच आहे.

पेन उभं धरा, दाबू नका. शाई टेक्निकल पेनासाठी म्हणून विकतात तीच घाला. टाकाने, म्हणजे शाईत बुडवायच्या निबेने, काढायची लाखेची इंडिया इंक यात नको, आणि फाउंटन पेनात तर मुळीच नको. फाउंटन पेनची साधी शाई यात पातळ पडते, गळते, आणि पाणी लागलं की चित्र जातं.

धुणं: इथेच पेनं मरतात

आधी आत काय आहे ते समजून घ्या. टोकाची नळी पोकळ असते. तिच्या आत एक बारीक तार असते आणि तारेच्या मागच्या टोकाला वजन. पेन हलवलं की वजन मागेपुढे होतं आणि तार नळी साफ करते. पेन कानाजवळ आडवं धरून हलवलंत तर टिक-टिक ऐकू येते. आवाज आला तर तार मोकळी आहे. आवाज नसेल तर शाईने तिला धरून ठेवलंय.

आवाज बंद झाला की माणूस काय करतो? मागचं बूच काढून तार बाहेर ओढतो. मीही तेच केलं होतं. ऑफिसातला पहिला जुलै होता, 0.18 चं पेन अडलेलं, संध्याकाळपर्यंत नकाशा द्यायचा होता. तार बाहेर आली, चांगली धुतली, आणि परत नळीत घालताना अगदी टोकाला वाकली. डोळ्यांना दिसणारही नाही एवढीच. ते टोक पुन्हा कधी चाललं नाही. आठवडाभरात दुसऱ्या पेनाचं तेच केलं, कारण पहिल्या वेळी आपला हात हलला असेल असं वाटलं होतं. नुसतं टोक बदलायचं तरी जवळपास नव्या पेनाचे पैसे पडतात. ऑफिसातले जुने ड्राफ्ट्समन काका तेव्हा म्हणाले, "अगो, तार बघायची नसते, ऐकायची असते." मग त्यांनी स्वतः बसून दाखवलं. त्यानंतर माझं एकही टोक फुकट गेलेलं नाही.

शाईची नळकांडी काढून रिकामी करा. टोकाचा भाग पेनापासून सोडवा, पण त्याच्या आतलं काही उघडू नका. वाटीत कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका आणि टोक त्यात बुडवून रात्रभर ठेवा. कोमट म्हणजे बोट आरामात बुडेल इतकंच. उकळतं पाणी प्लास्टिकचा आकार बिघडवतं आणि मग आटे बसत नाहीत. स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर सुचवणाऱ्यांचं ऐकू नका, त्यानेही प्लास्टिक खराब होतं. सकाळी पाणी काळं झालेलं असेल. ते बदला. पाणी स्वच्छ राहीपर्यंत बदलत राहा. गणपतीपर्यंत पडून राहिलेल्या पेनाला चार-पाच दिवस लागू शकतात. त्या दिवसांत सुई, टाचणी, ब्लेड काहीही जवळ आणू नका.

पाणी कुठलं, यालाही महत्त्व आहे. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ असतं, त्यातले क्षार नळीत बसतात. मी पावसाळ्यात अंगणाच्या मध्यभागी पातेलं ठेवते आणि थेट आभाळातून पडणारं पाणी धरते. पन्हळीचं नाही, त्यात कौलांवरची घाण येते. इतर वेळी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणते.

एवढं करूनही तार हलली नाही तर मेडिकलमधून एक सिरिंज आणा आणि सुई काढून टाका. तिच्या तोंडाला मऊ रबरी नळीचा तुकडा लावा, दुसरं टोक पेनाच्या टोकामागे घट्ट बसवा आणि पाणी हळूहळू आत ढकला, मग ओढा. जोर लावू नका. आधी काळा धागा बाहेर येतो, मग राखाडी पाणी, मग स्वच्छ. त्याच वेळी टोकाच्या बाहेरून फिरणारी मळसूत्री खाच बघा. तिथून हवा आत जाते. खाचेत शाई भरलेली असेल तर पेन कागदावर थेंब टाकतं, आणि लोक दोष शाईला देतात.

शेवटी टिश्यूवर टिपून सावलीत ठेवा. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसात दोन. हेअर ड्रायर नको. मग हलवून ऐका. टिक-टिक आली की शाई भरा.

रोज काढत असाल तर पंधरा दिवसांनी एकदा धुवा. आठवडाभर हात लागणार नसेल तर रिकामं करून, धुऊनच ठेवा. भरलेलं पेन नेहमी टोक वर करून ठेवा, एसटीच्या प्रवासात तर नक्कीच. नळकांडी अर्धी रिकामी असेल तर आतली हवा तापून फुगते आणि शाई बाहेर ढकलते. प्रवासाला निघताना ती पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा.

टाकाच्या निब

नव्या निबेवर तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे शाई थेंब-थेंब होऊन घसरते. साबणाने धुवा, काम झालं. मेणबत्तीवर धरू नका, पोलादाचा ताव जातो. खाऱ्या वाऱ्यात निबेला गंज फार लवकर चढतो. बंदरावर बसून काढलंत तर घरी येईपर्यंत थांबू नका, तिथेच गोड्या पाण्यात बुचकळून फडक्याने कोरडी करा. डबीत सिलिका जेलची पुडी असू द्या.

आणि प्रत्येक भरलेल्या पेनाला कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर शाई भरल्याची तारीख लिहा.