जुन्या गाडीचं इंजिन बांधताय? पहिल्या वीस मिनिटांत कॅम कसा वाचवायचा

अँबॅसिडरचं इंजिन मी पहिल्यांदा बांधलं, तेव्हा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, १८० अंशांनी उलटा बसला होता. हे कळायला अर्धा तास गेला. तोवर सेल्फ मारत राहिलो आणि कार्बोरेटरमधून फटाके ऐकत राहिलो. शेवटी गाडी सुरू झाली, पेढे वाटले. तिसऱ्या महिन्यात एका व्हॉल्व्हची टिकटिक सुरू झाली. टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या गॅपची जुळणी, केलं की आठवडाभर गप्प, मग पुन्हा तेच. इंजिन खोललं तर एका टॅपेटच्या, म्हणजे कॅमशाफ्टवर बसून व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या छोट्या दट्ट्याच्या, तळाला बशीसारखा खळगा पडलेला. नख फिरवलं की कडेला अडकायचं. त्याच्या खालच्या लोबचं, म्हणजे टॅपेटला वर ढकलणाऱ्या कॅमशाफ्टवरच्या उंचवट्याचं, नाक झिजून बोथट झालं होतं. मिस्त्रींनी ऑईलला शिव्या घातल्या, मीही घातल्या. पण त्या कॅमची वाट लागली होती ती सेल्फ मारण्याच्या त्या अर्ध्या तासातच.

असं का होतं ते आधी बघू. अँबॅसिडरचं १४८९ सीसी इंजिन म्हणजे ब्रिटिश बीएमसीचं बी-सिरीज, एमजीए या स्पोर्ट्सकारमध्येही तेच होतं. कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचं १०८९ सीसी इंजिनही याच जातीचं: कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर टॅपेटपासून व्हॉल्व्हकडे जोर नेणाऱ्या दांड्या, म्हणजे पुशरॉड. मध्ये रोलर वगैरे काही नाही, टॅपेट थेट लोबवर घासत चालतो. लोब आणि टॅपेट एकमेकांना जेमतेम एका रेषेत टेकतात आणि स्प्रिंगचा सगळा दाब त्या रेषेवर येतो. पंपाचं ऑईल कॅमच्या बेअरिंगला दाबाने मिळतं, लोबला नाही. लोब जगतो तो क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांवर आणि वरून ओघळणाऱ्या ऑईलवर. इंजिन हळू फिरलं की शिंतोडे कमी उडतात. नव्या भागांचे पृष्ठभाग अजून एकमेकांत बसलेले नसतात, त्यामुळे नेमकं तेव्हाच हे महागात पडतं.

दुसरी गोष्ट, टॅपेटने स्वतःभोवती फिरलं पाहिजे. त्यासाठी त्याचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोब त्याच्या बरोबर मध्यावर न टेकता जरा बाजूला टेकतो. फिरायचा थांबला की तो एकाच जागी घासतो आणि खळगा पडतो.

भाग घेताना

नवा कॅम घेतलात तर टॅपेटही नवेच, आठच्या आठ. इथे काटकसर नको. जुना कॅम ठेवत असाल तर जुना टॅपेट ज्या लोबवर होता त्याच लोबवर परत गेला पाहिजे. खोलताना अंड्यांचा ट्रे घ्या, खणांवर १ ते ८ आकडे टाका आणि टॅपेट त्यात ठेवा. डब्यात एकत्र टाकलेले टॅपेट म्हणजे भंगार, दिसायला कितीही चांगले असोत.

नाना पेठेत किंवा कुठल्याही जुन्या बाजारात 'फेस मारलेले', म्हणजे तळ घासून काढलेले, टॅपेट मिळतात, आरशासारखे चकचकीत. जपून. सपाट ग्राइंडरवर फेस मारला की तो फुगीरपणाच जातो. तपासायची सोपी युक्ती अशी: एका टॅपेटचा तळ दुसऱ्या टॅपेटच्या सरळ अंगावर आडवा टेकवून उजेडासमोर धरा. मध्ये टेकून कडेला केसाएवढा उजेड दिसला आणि तो किंचित डुलला तर ठीक. मध्ये उजेड आणि कडा टेकलेल्या, म्हणजे खळगा पडलेला आहे. कुठूनच उजेड नसेल तर सपाट घासलेला आहे. तिन्हीपैकी पहिलेच घ्या. रीग्राइंड केलेल्या, म्हणजे पुन्हा घासून आकार दिलेल्या, कॅमचं दुखणं वेगळं. वरचा कडक थर ग्राइंडिंगमध्ये संपला असेल तर खाली मऊ लोखंड उरतं. लेथवाल्याला थेट विचारा, किती काढलं आणि नंतर कडकपणा तपासला का.

स्प्रिंगबद्दल एवढंच, की हौसेने जास्त ताकदीच्या टाकू नका.

बांधताना

लोब आणि टॅपेटचा तळ यांना मॉलिब्डेनमची असेंब्ली पेस्ट लावा, सढळ हाताने. टॅपेटच्या बाजूंना मात्र साधं इंजिन ऑईल. तिथे पेस्ट भरली तर तो आपल्या भोकात अडखळतो आणि फिरत नाही. बोटाने सोडला की टॅपेट स्वतःच्या वजनाने खाली गेला पाहिजे.

हेड बसलं आणि सेटिंग झालं की पुशरॉडवर रंगाचा एकेक ठिपका द्या, प्लग काढा आणि हँडल मारून इंजिन हळू फिरवा. ठिपके जागचे सरकताना दिसतात. एखादा हललाच नाही तर तिथेच थांबा. बी-सिरीजमध्ये मॅनिफोल्डखाली (हेडला हवा-पेट्रोल आणि धुराच्या नळ्या जोडणारा भाग), ब्लॉकच्या बगलेत दोन झाकणं असतात. ती काढली की टॅपेट डोळ्यांना दिसतात आणि त्याच वाटेने बाहेरही काढता येतात. म्हणून ही तपासणी मॅनिफोल्ड लावायच्या आधी करा. तीन-चार फेऱ्या पुरेत, उगाच फिरवत बसलात तर पेस्ट पुसली जाते.

ऑईल

ऑईलमधलं झेडडीडीपी, म्हणजे जस्त आणि फॉस्फरस असलेलं रसायन, दाब आणि उष्णतेत धातूवर पातळ थर धरतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून नव्या गाड्यांच्या पातळ ऑईलमध्ये ते कमी केलं गेलं. २००४ मधल्या एपीआय एसएम या ऑईलच्या दर्जापासून फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्के आहे. ही मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या ग्रेडना लागू होते, २०डब्ल्यू-५० ला नाही. त्यामुळे जुन्या इंजिनाला मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या, आणि पहिल्या भरणीला नवे भाग एकमेकांत बसवण्यासाठीचं खास ब्रेक-इन ऑईल मिळालं तर उत्तमच. वरून जस्ताच्या बाटल्या ओतण्याच्या भानगडीत पडू नका, अति झालं तर तेही धातूला खातं.

सेल्फ मारण्याआधी

खरी मेहनत इथे आहे. इंजिन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत पेटलं पाहिजे, बाकी सगळं त्यासाठी.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून हँडल फिरवा. हवा बोट ढकलते तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. पुलीची खूण जुळवा आणि रोटर एक नंबरच्या वायरकडे आहे ना ते बघा. माझी चूक इथेच झाली होती: खूण जुळली होती, पण चार नंबर कॉम्प्रेशनवर होता. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप आणि स्टॅटिक टायमिंग, म्हणजे इंजिन बंद असताना ठिणगीची वेळ, लावून घ्या.

व्हॉल्व्हचा गॅप बी-सिरीजला ०.०१५ इंच, म्हणजे ०.३८ मिमी. नऊचा हिशोब लक्षात ठेवा: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिल्याचा गॅप लावायचा, सातवा उघडा असताना दुसऱ्याचा, बेरीज नेहमी नऊ.

ऑईल पंप बांधतानाच ऑईलने भरलेला असावा. गेजची पाइप जिथे लागते तिथून ऑईल कॅनने गॅलरीत, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑईलच्या मुख्य वाटेत, ऑईल ढकला. मग प्लग काढलेले ठेवून थोडा थोडा सेल्फ मारा, गेजची सुई हलली की बस. कार्बोरेटरच्या वाटीत आधीच पेट्रोल भरा. रेडिएटरमध्ये पाणी, समोर टेबलफॅन, गाडी उघड्यावर, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी.

ती वीस मिनिटं

पेटल्या क्षणी आरपीएम २००० वर न्या. आयडलिंग नाही, 'जरा आवाज ऐकू' नाही. अँबॅसिडरला टॅकोमीटर नसतो, म्हणून आरपीएम दाखवणारी टायमिंग लाइट किंवा मल्टिमीटर आधीच जोडून ठेवा. कानाच्या अंदाजावर विसंबू नका. वीस मिनिटं १५०० ते २५०० च्या दरम्यान सतत वरखाली करत राहा. एक जण अॅक्सिलरेटरवर, दुसरा प्रेशर, तापमान आणि गळती बघायला. शेजारी भांडायला येतात, त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं.

पाणी गळलं, ताप चढला, तर सरळ इंजिन बंद करा. दुरुस्त करून पुन्हा सुरू करा आणि परत थेट २००० वर. वेळ तुकड्यांत भरली तरी चालते, मंद चालवून भरलेली चालत नाही.

झालं की ऑईल गरम असतानाच काढा आणि फिल्टर बदला. पेस्टमुळे ऑईल करडं दिसतं, त्याला घाबरू नका. पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात धरा आणि लोहचुंबक फिरवा. बारीक काजळीसारखा गाळ चालेल. चमचमणारे कण किंवा टोचणारे तुकडे चालणार नाहीत.

पुढचं ऑईल ८०० किमीला बदला. तेव्हा आठही गॅप मोजून वहीत लिहा, १,६०० किमीला पुन्हा मोजा. सगळे थोडे थोडे सरकले असतील तर नवे भाग बसताहेत. पण एकाच व्हॉल्व्हचा गॅप दोन्ही वेळा वाढलेला दिसला, तर स्क्रू पिळून गप्प करू नका. मॅनिफोल्ड उतरवा, बगलेचं झाकण काढा आणि तो टॅपेट बाहेर काढून त्याच्या तळावर नख फिरवून बघा.