परदेशातील चिनी वस्त्यांमधल्या कँटोनीज गाण्यांचा इतिहास कसा शोधावा

कँटोनीज ही हाँगकाँग आणि आसपासच्या दक्षिण चीनची भाषा; त्यामुळे या विषयाला हात घालणारे बहुतेक जण हाँगकाँगच्या गायकांची यादी करतात आणि तिथेच अडकतात. इतिहास मात्र क्वालालंपूरचा, सिंगापूरचा किंवा व्हँकूव्हरचा लिहायचा असतो. म्हणून आधी एकच शहर निवडावे, तिथे कोण, कधी आणि कुठून येऊन राहिले ते पाहावे आणि मगच गाणे कोणत्या वाटेने तिथवर पोहोचले याचा माग काढावा.

वस्तीचे थर वेगळे ठेवणे ही पहिली काळजी. सॅन फ्रान्सिस्कोची जुनी कुटुंबे मुख्यतः ग्वांगडाँग प्रांतातील 'सी यप' म्हणजे 'चार तालुके' या भागातली असून, त्यांची घरची बोली हाँगकाँगच्या कँटोनीजहून बरीच वेगळी होती. (माझगावच्या १९१९ सालच्या चिनी देवळाच्या 'सी यप कून' या नावातही हेच चार तालुके आहेत.) उलट १९८४ च्या चीन-ब्रिटन करारानंतर, १९९७ मध्ये ब्रिटनकडून चीनकडे होणाऱ्या हाँगकाँगच्या हस्तांतराच्या धास्तीने, कॅनडात गेलेली कुटुंबे हाँगकाँगची ताजी गाणी सोबत घेऊनच उतरली. या दोघांच्या आठवणी एकाच परिच्छेदात कोंबू नयेत.

कँटोपॉपची, म्हणजे कँटोनीज पॉप गाण्यांची, सुरुवात सहसा १९७४ पासून, म्हणजे हाँगकाँगचे गायक सॅम हुई यांच्या चित्रपटगीतांपासून आणि दूरचित्रवाणी मालिकांच्या शीर्षकगीतांपासून धरतात. पण त्याआधी हाँगकाँगचा सुशिक्षित तरुण इंग्रजी आणि मंडारिन (चीनची प्रमाणभाषा) गाण्यांत रमलेला असताना मलेशियाचे चेंग काम-चेऊंग कँटोनीजमध्ये गात होते आणि हाँगकाँगमध्येही ऐकले जात होते. प्रवाह एकाच दिशेने वाहिला असे गृहीत धरणे ही या अभ्यासातली सर्वांत मोठी चूक आहे, असे माझे मत आहे.

यानंतर एकच गाणे घेऊन त्याच्या मागे जावे. १९८० च्या 'शांघाय टान' या हाँगकाँगच्या मालिकेचे शीर्षकगीत यासाठी उत्तम आहे: संगीत जोसेफ कू यांचे, शब्द जेम्स वाँग यांचे, आवाज फ्रान्सिस यिप यांचा. अशा मालिका व्हिडिओ कॅसेटवर चढून परदेशातल्या चायनाटाउनच्या दुकानांत भाड्याने मिळत, आणि दर भागाच्या सुरुवातीला वाजणारे गीत घरातल्या पोरांनाही पाठ होई. सिंगापूरमध्ये मात्र १९७९ च्या 'मंडारिन बोला' या सरकारी मोहिमेनंतर हाँगकाँगच्या मालिका दूरचित्रवाणीवर मंडारिनमध्ये डब होऊन येऊ लागल्या. शेजारच्या मलेशियात अशी मोहीम नव्हती. त्यामुळे सिंगापूर आणि क्वालालंपूर ही जोडी तुलनेला घेतल्यास सर्वाधिक हाती लागते.

भाषा येत नसली तरी एक गोष्ट समजून घ्यावीच. कँटोनीजमध्ये 'सी' हा एकच उच्चार सूर बदलताच कविता, इतिहास, चाचणी, काळ, बाजार किंवा 'असणे' असा सहा अर्थांनी वापरला जातो. येथे बहुधा चाल आधी होते आणि तिच्या चढउतारांत बसतील असेच शब्द गीतकाराला शोधावे लागतात, नाहीतर अर्थाचा अनर्थ होतो. म्हणूनच मंडारिन आवृत्तीसाठी ओळी भाषांतरित न करता बहुतेक वेळा गीत नव्यानेच लिहिले जाई.

मुलाखतीत 'आवडता गायक कोण?' हा प्रश्न टाळावा. कॅसेट कुठून आणली, कोणी कोणाला उतरवून दिली, कॅराओकेच्या पडद्यावरची चिनी अक्षरे वाचता येत होती की उच्चार रोमन लिपीत लिहून घेतले होते, हे विचारावे. विक्रीच्या आकड्यांवर फार विसंबू नये. नकली कॅसेट त्या हिशेबात कधीच येत नाहीत.

नोंदवहीत प्रत्येक गायकाचे नाव कँटोनीज आणि मंडारिन अशा दोन्ही उच्चारांनी, मूळ अक्षरांसह लिहावे. इंग्लंडमध्ये शिकलेले आणि १९९५ साली हाँगकाँगची नवगायक स्पर्धा जिंकलेले ईसन चॅन मंडारिनमध्ये 'चेन यीशून' होतात, आणि हेच आडनाव सिंगापूरच्या होक्किएन (दुसरी एक दक्षिण चिनी बोली) बोलणाऱ्या घरात 'टॅन' असते.