आधी समास वाचा: कॉमिक्सची बातमीदारी करताना

कॉमिक्सवर लिहायला लागले तेव्हा मला वाटायचं, लहानपणापासून ढीगभर कॉमिक्स वाचली आहेत, एवढं भांडवल पुरेल. पहिल्या दोन वर्षांतल्या माझ्या बहुतेक बातम्या म्हणजे प्रकाशकांची प्रसिद्धिपत्रकं होती, जरा सोपी करून लिहिलेली. नवी मालिका येतेय, अमका चित्रकार तमकी मालिका सोडतोय. का सोडतोय, हे मी विचारतच नसे.

मग एका ज्येष्ठ चित्रकारांची मुलाखत मिळाली. तीन तास बोललो. एक लोकप्रिय पात्र पूर्णपणे आपल्याच कागदावर जन्मलं, लेखक नंतर आला, असं त्यांनी सांगितलं आणि मी ते तसंच छापलं. आठवड्याभरात त्या लेखकाच्या घरून पत्र आलं. सोबत टाइप केलेल्या पटकथेची प्रत होती, तारीख पहिल्या चित्राच्या आधीची, आणि त्यात पात्राच्या वेशाचं बारीक वर्णन. दुरुस्ती छापावी लागली. चित्रकार खोटं बोलले असं मला आजही वाटत नाही. तीस वर्षांपूर्वीचं काम त्यांना जसं आठवलं तसं त्यांनी सांगितलं. एकही कागद बघायला न मागणं ही चूक माझी होती.

या क्षेत्रातले बहुतेक मोठे वाद शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात: कुणी काय केलं, आणि कशावर सही केली. म्हणून नव्याने येणाऱ्याने आधी कॉमिक्स तयार कशी होतात ते नीट शिकावं. 1960च्या दशकात मार्वलमध्ये स्टॅन ली अनेकदा चित्रकाराला पूर्ण पटकथा देत नसत. कथेचा थोडक्यात गोषवारा ठरे, काही वेळा नुसतं बोलणं होई. चित्रकार पानं रचून प्रसंग उभे करी आणि संवाद त्यानंतर लिहिले जात. अंकात मात्र 'लेखक' म्हणून एकच नाव येई. मार्वलचे चित्रकार जॅक कर्बी आपल्या पानांच्या समासात प्रसंगाबद्दल टिपा लिहून ठेवत. अंक छापताना समास कापला जातो, त्यामुळे त्या टिपा वाचकाला दिसत नाहीत. मूळ पानांवर त्या आजही वाचता येतात. 1990 साली 'द कॉमिक्स जर्नल' या अमेरिकन मासिकात कर्बींची एक दीर्घ मुलाखत आली. लींनी आपल्यासोबत काहीच लिहिलं नाही, इथपर्यंत ते त्यात बोलले. ती मुलाखत मी चार-पाच वेळा वाचली आहे. त्यातलं दुःख खरं आहे, आणि काही दावे ताणलेले आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून, एकाच दुपारी येऊ शकतात. समासातल्या टिपा मात्र त्या त्या दिवशीच लिहिलेल्या असतात.

त्यामुळे माझा आवडता प्रश्न एकच: "पान तुमच्या हातात आलं तेव्हा त्यावर काय काय होतं?" पेन्सिलचं काम करणाऱ्याला विचारा, पेन्सिलवर शाई फिरवणाऱ्या इंकरला विचारा, रंग भरणाऱ्याला आणि अक्षरं लिहिणाऱ्या लेटररलाही विचारा. "प्रेरणा कुठून मिळाली?" या प्रश्नाला ठरीव उत्तर येतं. माझ्या प्रश्नाला मात्र माणूस थबकतो, आठवतो, कधी उठून कपाटातली फाइल काढतो.

कराराचं वाचनही शिकून घ्या, कंटाळा आला तरी. सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी 1938 साली त्याचे सगळे हक्क प्रकाशन कंपनीला 130 डॉलरला दिले, हे बहुतेकांना माहीत असतं. पुढची गोष्ट बातमीदारासाठी जास्त महत्त्वाची आहे. 1975 साली, सुपरमॅनच्या मोठ्या चित्रपटाची तयारी चालू असताना, सीगलनी स्वतःच एक संतप्त प्रसिद्धिपत्रक वृत्तपत्रांना पाठवलं. नील अॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी ते प्रकरण लावून धरलं. बातम्या येत राहिल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन आणि निर्माते म्हणून श्रेय मान्य केलं. जुन्या काळी तर मानधनाच्या चेकच्या मागेच हक्क देऊन टाकल्याचा मजकूर छापलेला असे. पैसे हवेत तर त्याखाली सही. 1978पासून लागू झालेल्या अमेरिकन कायद्यानुसार बाहेरच्या कलाकाराचं काम 'वर्क फॉर हायर', म्हणजे हक्क सुरुवातीपासूनच काम देणाऱ्याचे, असं ठरायला लेखी करार लागतो. म्हणून वाद कोणत्या सालचा आहे हे पाहिल्याशिवाय मत लिहायला घेऊ नका.

मुलाखतीत कुणी तिसऱ्याबद्दल बोलायला लागलं की कान टवकारा. 1980च्या सुमारास 'द कॉमिक्स जर्नल'ने छापलेल्या एका मुलाखतीत लेखक हार्लन एलिसन दुसऱ्या एका लेखकाबद्दल मोकळेपणाने बोलले. त्यावरून वीस लाख डॉलरचा दावा दाखल झाला. 1986 साली निकाल एलिसन आणि मासिकाच्या बाजूने लागला, पण मधली वर्षं कोर्टकचेरीत गेली. अशी वाक्यं मी गाळत नाही. ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला ती कळवते, उत्तर द्यायला वेळ देते आणि उत्तर शेजारीच छापते. त्यापायी बातमी दोन दिवस मागे पडली तर पडू द्या. 'ऑफ द रेकॉर्ड' काय आणि काय नाही, हे मात्र बोलणं सुरू होण्याआधीच ठरवा.

धीर सुटायला लागला की मी बिल फिंगर यांचं प्रकरण काढून वाचते. 1939 साली बॅटमॅनची पहिली कथा त्यांनी लिहिली, त्याच्या वेशातही भर घातली. श्रेय मात्र करारानुसार एकट्या चित्रकार बॉब केनना. 1965 साली जेरी बेल्स या चाहत्याने फिंगरशी बोलून त्यांचा वाटा लेखात मांडला. केननी पत्र लिहून तो खोडून काढला. फिंगर 1974 साली गेले. केननी त्यांचा वाटा पुढे आत्मचरित्रात कबूल केला, आणि अधिकृत श्रेयात फिंगर यांचं नाव आलं ते 2015 साली. एका चाहत्याने हौसेपोटी केलेलं ते काम पुढच्या संशोधकांच्या हाती लागलं, कारण ते लिहून, छापून ठेवलेलं होतं.

म्हणून रेकॉर्डिंग जपा. प्रत्येकावर तारीख आणि ठिकाण घाला, न छापलेला भागही ठेवा. मागच्या वर्षी मी एका निवृत्त लेटरर बाईंकडे गेले होते. चाळीस वर्षांत त्यांची मुलाखत कुणी घेतली नव्हती. नेहमीचा प्रश्न विचारला, तशा त्या आत गेल्या आणि फोटोकॉपींनी भरलेले दोन खोके घेऊन आल्या. संवाद लिहिण्याआधी प्रत्येक पानाची एक प्रत त्या स्वतःजवळ ठेवत. समासासकट. पहिल्या खोक्यातली अर्धी पानं आत्ता कुठे वाचून झाली आहेत.